एक साइज मोठा पिस्टन

“पण बुवा, जे सोडून आलो, त्याला पुन्हा हात कशाला लावू?”

सिद्धबुवा मठाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“गाडी बंद पडलीय,” ते म्हणाले.

“खालून कुणाला तरी बोलावून आणतो.”

“तू काय करायचास आधी?”

रामलिंगनं एक शेंग उचलून सोलली. बुवांना ते ठाऊक होतं.

आजऱ्याच्या बाजारात त्याचं गॅरेज होतं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून आत काय बिघडलंय ते तो सांगायचा. लांबलांबच्या गावांहून लोक त्याच्याकडे गाड्या ढकलत आणायचे. मग त्याची तान्ही मुलगी तापानं गेली. त्यानंतर एका पहाटे, बायको झोपेत असताना, तो घराबाहेर पडला आणि डोंगरावरच्या या मठात आला. तेव्हापासून त्यानं पाना हातात धरला नव्हता. भगवी कफनी, स्वच्छ धुतलेली. नखंही स्वच्छ. त्या नखांचा त्याला मनातून अभिमान वाटायचा.

मठाची मोटरसायकल लहानशीच होती, कुणा भक्तानं दिलेली. तिच्यावर बसून म्हातारे बुवा धनगरवाड्यांवर औषधं पोचवायचे. काल चढावर ती जागच्या जागी जाम झाली होती.

“तेल बघायचं राहून गेलं माझ्याकडून,” बुवा म्हणाले. “वरच्या वाड्यावर एक म्हातारी औषधाची वाट बघत असेल…”

रामलिंग उठला. हत्यारांची पेटी शोधली. इंजिनाचं डोकं उतरवलं, सिलिंडर वर ओढून काढला आणि उजेडात धरला. आतल्या गुळगुळीत भिंतीवर उभे ओरखडे पडले होते. पिस्टनही तसाच खरवडला होता.

“पिस्टन बदलायला हवा,” तो म्हणाला. “आजऱ्याला जावं लागेल.”

“मग जा.”

“बुवा… तिथं स्पेअर पार्टचं दुकान एकच आहे.”

“माहीत आहे.”

*

एसटी धुक्यातून उतरत होती. वळणावळणावर झाडं पुढे यायची, जवळून जायची, विरून जायची. मांडीवर फडक्यात गुंडाळलेला सिलिंडर होता. तो एखाद्या झोपलेल्या जीवासारखा दोन्ही हातांनी धरून रामलिंग बसला होता. पहिलं वाक्य काय बोलायचं ते तो मनाशी ठरवत होता. ठरवलेलं प्रत्येक वाक्य पुढच्या वळणावर मागे राहत होतं.

गॅरेजच्या जागी आता सुट्या भागांचं दुकान होतं. काउंटरमागे कस्तुरी, त्याची बायको, उभी होती. केसांत एक पांढरी बट आली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग कफनीकडे. मग पुन्हा त्याच्याकडे.

“काय पाहिजे, महाराज?”

त्यानं फडकं पुढे सरकवलं.

कस्तुरीनं सिलिंडर बाहेर काढला, दाराच्या उजेडाकडे वळवला आणि आतून बोट फिरवलं. सावकाश, डोळे किंचित मिटून. ही त्याचीच लकब होती. त्यानं तिला ती कधी शिकवली नव्हती.

“खोल आहेत ओरखडे,” ती म्हणाली. “जुन्या मापाचा पिस्टन आता नाही बसायचा.”

“मग?”

“बोअर करावं लागेल. ओरखडे जाईपर्यंत आतून कापलं की जागा वाढते. मग पिस्टन एक साइज मोठा घालायचा.”

हे त्याला ठाऊक नव्हतं थोडंच! कितीतरी गिऱ्हाइकांना त्यानं हेच सांगितलं होतं. पण आज जणू पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

कस्तुरीनं सिलिंडर शेजारच्या लेथवर कापायला दिला. रामलिंग बाहेरच्या बाकावर बसला. तिनं समोरच्या हॉटेलातून चहा मागवला, कुठल्याही गिऱ्हाइकासाठी मागवला असता तसा.

लेथचा घरघराट सुरू झाला. रामलिंगचे डोळे मिटले. इथं गॅरेज होतं तेव्हा मागच्या तुळईला पाळणा टांगलेला असायचा. अंगाईनं पोर झोपायची नाही. गाडी चालू करून ठेवली, इंजिन मंद चालत राहिलं, की दोन्ही मुठी उघडून गाढ झोपायची. कस्तुरी हसायची, मिस्त्रीची पोर म्हणायची… पोरीचा चेहरा मात्र डोळ्यांपुढे येईना.

“घ्या, महाराज.”

त्यानं डोळे उघडले. सिलिंडर आणि नवा पिस्टन कागदात बांधून कस्तुरी समोर उभी होती.

“हळू चालवा सुरुवातीला. नवा पिस्टन आहे, बसायला वेळ लागतो त्याला.”

“कस्तुरी…”

“आणखी काही पाहिजे का?”

तो उभा राहिला. कागदाचं पुडकं हातात घेतलं.

ती आत गेली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मठाच्या अंगणात इतकं धुकं होतं की बुवा पायरीवर आहेत की नाहीत ते कळत नव्हतं.

रामलिंगनं नवा पिस्टन तेलात भिजवला. त्याच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरकडे वळवून पिन सरकवली, लॉक लावलं. पिस्टनभोवतीच्या खोबणीत एकेक रिंग बसवली. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ नयेत म्हणून बोटांनी थोडी थोडी फिरवली. मग सिलिंडर वरून अलगद खाली आणला. एका हाताच्या चिमटीत रिंग दाबायची आणि दुसऱ्या हातानं सिलिंडर खाली सोडायचा. इथं जोर लावला की रिंग मोडते. त्यानं श्वास रोखला.

पहिली रिंग आत गेली. दुसरी गेली…

धुकं कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतात ते त्याला कळेना. बोटं आपली आपण चालली होती.

सगळं बसवून झालं. त्यानं तेल भरलं, मापाची काठी बुडवून पुन्हा पाहिलं, आणि किक मारली. एकदा. पुन्हा एकदा. इंजिन खोकलं, थरथरलं, आणि मंद, सारख्या लयीत चालू लागलं.

रामलिंग तसाच जमिनीवर बसून राहिला. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. नखांत ग्रीस होतं.

“काय झालं?” धुक्यातून बुवांचा आवाज आला.

“पोर दिसली, बुवा.”

“कधी?”

“इतके दिवस डोळे मिटून ध्यानाला बसलो. कधी दिसली नाही. चेहराच आठवायचा नाही. आज डोळे उघडे होते, आणि…”

“कशी होती?”

“झोपली होती.”

बुवा पायऱ्या उतरून आले. गाडीजवळ उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकू लागले.

“काल कस्तुरीशी पोरीबद्दल बोलायला हवं होतं,” रामलिंग म्हणाला. “मी मात्र चहा पिऊन आलो. ती मला महाराज म्हणाली, बुवा.”

“तू काय म्हणालास?”

“नाव घेतलं तिचं. पुढं शब्दच फुटेना.”

“हं.”

“मी गेलो तर ती मला दारात तरी उभं करेल का?”

“मला कसं ठाऊक असेल? मी तिला ओळखत नाही.”

रामलिंगनं मान खाली घातली. मग उठला. औषधाची पिशवी हँडलला अडकवली.

“आधी म्हातारीचं औषध देतो. तिथनं खाली उतरेन. गाडी हळूच न्यावी लागणार, पोचायला दुपार होईल. बोलेल न बोलेल… मी तिच्यापुढं जाऊन उभा राहतो. परत कधी येईन ते…”

बुवांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या काळ्या हातांत ठेवलं.

“मागची सीट पुसून घे,” ते म्हणाले. “ती बसलीच तर.”