पाहिलेलं पाणी

“जिथं पाहून झालं, तिथं पुन्हा कशाला पाहायचं?” हृषीकेश आठल्येनं विचारलं.

दाऊदबाबांनी खाली पाण्याकडे पाहिलं. एके काळी ते मच्छीमार होडीचे तांडेल, होडी चालवणारे म्होरके, होते. आता खाडीच्या तोंडाशी, टेकडीवरच्या दर्ग्याची झाडलोट करत.

खाली खाडीत होडी उलटून नऊ दिवस झाले होते. इब्राहिम आणि युनूस, दोघं सख्खे भाऊ, सापडले नव्हते. आठल्ये आपले सात रोबो घेऊन आला होता. पाण्याखाली फिरणारे, आवाजाच्या खुणांनी एकमेकांना खबर देणारे. खाडीचा तळ त्यानं चौकोनांत वाटून दिला होता. एकानं पाहिलेल्या चौकोनात दुसरा जात नसे. हीच त्याची करामत होती, आणि तिचा त्याला अभिमान होता.

चौकोन संपले. शोध पुरा झाल्याचं पत्र त्यानं द्यायचं, एवढंच उरलं होतं. पण मुलांची आई, हलिमाबी, किनारा सोडेना. ती बाबांचं ऐकते असं कळलं, म्हणून तो टेकडी चढून आला होता. तिला समजवा, म्हणाला. वीतभरही जागा राहिलेली नाही.

“वीतभरही नाही?”

“नाही, बाबा. सगळं पाहून झालंय.”

बाबांनी खाली बोट दाखवलं. हलिमाबी पाण्याच्या कडेकडेनं चालली होती.

“ती आत्ताच त्या खडकाजवळून गेली. तिची पावलं बघून ये.”

हे काय भलतंच, असं आठल्येच्या मनात आलं. तरी तो उतरला. ओल्या वाळूवरून लाट येऊन गेली होती. तो वाकून पाहत राहिला...

वाळू सपाट होती.

तो वर आला तेव्हा बाबा दर्ग्याची पायरी झाडत होते.  

सकाळी त्यानं आपलाच नियम मोडला. प्रत्येक रोबोला दुसऱ्यानं पाहिलेल्या चौकोनात पाठवलं.

तिसऱ्या दिवशी युनूस सापडला. अगदी पहिल्याच चौकोनात. आठल्येनं तिथलं पहिल्या दिवसाचं चित्र पुन्हा उघडलं. नुसता गाळ होता. यंत्र खोटं बोललं नव्हतं.

दफन उरकल्यावर तो हलिमाबीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, पहिल्या दिवशी मग माझा मुलगा कुठं होता?

तो किनाऱ्यावर परतला आणि त्यानं रोबो पुन्हा पाण्यात सोडले.

तिसरी फेरी झाली. चौथी झाली. इब्राहिमचा पत्ता नव्हता. वरिष्ठांकडून पत्रासाठी रोज विचारणा होत होती. आठल्ये लिहायला बसे, अर्ध्या ओळीवर थांबे, कागद बाजूला सारी. अखेर एका संध्याकाळी तो पुन्हा टेकडी चढला आणि बाबांच्या पायाशी बसला.

“थोरला सापडत नाही, बाबा... पुढच्या फेरीतही नसेल तर? किती वेळा पाहिल्यावर ‘नाही’ म्हणायचं?”

 खाली भरती चढत होती...

“हलिमाबीपाशी जाऊन बस,” ते म्हणाले. “तिला विचार. आणि ती सांगेपर्यंत उठू नकोस.”