न पुसलेले अक्षर

चिद्घननाथ महाराज शिवणगावी आले आणि ओढ्याकाठच्या राममठातच रमले. मठाच्या ओसरीवर मुलांची शाळा भरे. दामोदरपंत मास्तर शिकवीत. अक्षर मोत्यासारखे, आणि त्याचा अभिमानही तेवढाच.

राघू सुताराची येसू या शाळेत जाई. आई गेल्यापासून राघूच तिची वेणी घाली. पोर आठ वर्षांची झाली, पण घटकाभर एका जागी बसेना. पाटीवर लिही तेही उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावे तसे उलटे. "हलू नकोस," असे मास्तर तिला दिवसातून वीसदा बजावीत आणि लिहिलेले पुसायला लावीत.

"राघू, हिला शेळ्यांमागे धाड," ते एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. "शेळ्या तरी सरळ चालतात. रामनवमी झाली की शाळेच्या पटावरून नाव काढतो हिचे."

पोरे हसली. राघू खाली मान घालून महाराजांपाशी गेला.

"म्हाराज, हिच्या आईनं जाताना येकच मागितलं. पोरीला आपलं नाव लिवता यावं."

महाराजांनी येसूची पाटी मागवून पाहिली. मग म्हणाले, "घरी शिसवीचे लाकूड आहे?"

"दोन तुकडे हायेत जी."

"दोन्ही जपून ठेव. आणि तिचे अक्षर पुसू नकोस."

राघूला काही उमगले नाही. तरी त्याने तुकडे फडक्यात बांधून देवापाशी ठेवले.

रामनवमी आली. रामजन्माआधी प्रत्येकाच्या कपाळी गोपीचंदनाचा 'राम' असा ठसा उमटवायचा, हा मठाचा नेम. त्या सकाळी जुना लाकडी ठसा कुणाच्या तरी हातातून निसटला आणि दुभंगला. राघू धावत घरी जाऊन शिसवीचे तुकडे घेऊन आला. एकावर मास्तरांनी टपोरे 'राम' लिहिले, राघूने घाईत तसेच कोरले. मास्तरांनी तो ठसा आपल्या दंडावर दाबला, तर अक्षरे उलटी!

"अगं बाई, हे तर येसूचं अक्षर," गर्दीतली एक म्हातारी बोलली.

मास्तर दुसऱ्या तुकड्यावर उलटे लिहायला बसले. पण सराईत हात, तो सुलटाच वळे. तीनदा लिहून तीनदा पुसले. ऊन डोक्यावर येत चालले.

"येसूला बोलवा," महाराज म्हणाले.

येसू अंगणातल्या वडाच्या पारंब्यांवरून उतरून आली. महाराजांनी तिच्या हाती कोळसा दिला. "बाळ, राम लिही. नेहमी लिहितेस तसाच."

"पुसायचं न्हाई ना?"

"नाही. हे कोरायचे आहे."

राघूने श्वास रोखला. पण पोर मांडी घालून बसली ती लिहून होईपर्यंत हलली नाही. बापाने तिच्या रेघेवरून पटाशी चालवली. बाराच्या आत महाराजांच्या कपाळी 'राम' उमटला, स्वच्छ आणि सुलटा. दोन्ही तुकडे जपायला महाराजांनी का सांगितले, ते राघूला आत्ता कळले. केवढी ही कृपा! त्याला पुढचे दिसेना. त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"महाराज, चुकलो," मास्तर पुढे आले. "पण हिला सुलटे शिकवू कसे?"

"ती लिहील तसे कोरून घ्या. ठसा आणि त्यातून उमटलेले अक्षर, दोन्ही तिच्यापुढे ठेवा. बाकी ती शिकेल, तुम्हीही शिकाल. आधी तिच्या हातून ठसा घ्या."

येसूचा हात पुरेना. दामोदरपंत गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी तिच्यापुढे मस्तक लववले. येसूने ठसा गोपीचंदनात बुडवला.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "हलू नका हं."