शेवटच्या मुलीची वेळ

एकदा एक मुलगी भर मैदानात आपल्या गुरूला म्हणाली, "बाई, तिची वाट बघत बसायला मी काही तिची करवली नाही!"

"करवली नसशील. पण बसायचं तर आहेच," बाई म्हणाल्या आणि क्रिकेटच्या खेळपट्टीशेजारी पडलेल्या रोलरवर त्यांनी मांडी घातली.

या भांडणाला तोंड फुटून अर्धा तास झाला होता. मुलीचं नाव प्रणोती. तालुक्याच्या त्या लहानशा कॉलेजात पळणाऱ्या मुली मोजून सहा, आणि त्या सहांत वाऱ्याशी बरोबरी करणारी ही एकटीच. बाई म्हणजे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुऊन निवृत्त झालेल्या परिचर. शिक्षण सातवी. मुलींना पळायला शिकवणारं कुणी मिळेना, तेव्हा "मी बघते" म्हणून त्या उभ्या राहिल्या. ग्रंथालयातली धावण्यावरची जाडजूड पुस्तकं शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. ज्या विद्वानांना याचं हसू आलं, त्यांच्यापैकी एकही जण पहाटे सहाला मैदानावर उगवला नाही, हेही इथे सांगून ठेवलेलं बरं.

तर त्या सकाळी मैदानात पाचच मुली होत्या. सहावी, वनमाला, आली नव्हती. विद्यापीठाच्या माळरानावरच्या शर्यतीसाठी सहा जणींच्या सह्यांचा अर्ज त्याच दिवशी दुपारी बाराच्या आत जायचा होता. सहा मुली असतील तर संघ. पाच असतील तर संघ नाही. मग ज्या कुणाला पळायचं असेल तिने एकटीने, स्वतःच्या नावावर पळावं. प्रणोतीला ते चालणार होतं. उरलेल्या चौघींना कुणी विचारलं नव्हतं.

"आणि हे घड्याळ कशाला चालू ठेवलंय?" प्रणोतीने विचारलं. बाईंच्या हातातलं वेळ मोजायचं घड्याळ सहा वाजल्यापासून टिकटिकत होतं. आता साडेसात होत आले होते. "एकही पोरगी पळत नाही, आणि वेळ कुणाची घेताय?"

"संघाची."

"संघ इथेच तर बसलाय!"

"पाच जणी बसल्यात. संघ अजून पोचायचाय."

चौघींपैकी एकीला हसू फुटलं. प्रणोतीने तिच्याकडे असं पाहिलं की ते हसू ओठांवरच वाळलं.

"वर्षभर हेच बघतेय मी," प्रणोतीचा आवाज चढला. "वहीत वेळ कुणाची लिहिता? वनमालेची! मैदानाच्या कडेने सोबत कुणाच्या चालता? वनमालेच्या! तिच्या वेगाने लग्नाची वरातसुद्धा निघत नाही, बाई. वाजंत्रीवाले कंटाळून घरी जातील!"

"जाऊ देत. नवरी पोचल्याशी कारण."

"ती पोचणार नाही! ती येणारच नाही आज!"

बाईंनी मान वर केली. "तुला गं कसं ठाऊक?"

प्रणोतीच्या ध्यानात आलं की आपण नको ते बोलून बसलो. पण माघार घेणं तिला येतच नव्हतं. पायांना नाही, जिभेलाही नाही.

"मीच सांगितलं तिला. काल संध्याकाळी, एसटी स्टँडवर. म्हटलं, बाईंनी उद्यापासून तुला यायला नको म्हटलंय."

चौघी मुली जमिनीकडे पाहू लागल्या. आता आभाळ कोसळणार अशीच सगळ्यांची समजूत. बाई मात्र हळू आवाजात म्हणाल्या, "मग काय म्हणाली ती?"

"काही नाही. बरं म्हणाली."

"खरं वाटलं तिला?"

"लगेच."

"वाटणारच. जन्मल्यापासून तिला कुणी ना कुणी हेच सांगत आलंय. तू निराळं काय केलंस?" बाई रोलरवरून उतरल्या. "आता बस आणि ऐक. मी शिकलेली नाही, पण बेरीज-वजाबाकी मला येते. सहाही जणींचे क्रमांक मिळवायचे, आणि ज्यांची बेरीज सगळ्यांत कमी त्यांचा संघ पहिला. खरं की नाही?"

"खरं."

"गेल्या वर्षी तू दुसरी आलीस. यंदा जिवाचं रान करून पहिली आलीस, तर आपली बेरीज कितीने कमी होईल?"

प्रणोतीने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला घेतली.

"एकाने. आणि वनमाला आली होती ब्याऐंशीवी. तिला मी बावन्नावर आणलं तर?"

"तीसने," हसणारी मुलगी पुटपुटली.

"तीसने! आता एका आकड्यामागे धावू की तीस आकड्यांमागे? घर सारवताना हात कोपऱ्यात आधी घालावा लागतो, बाळा. मधली जमीन तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांनीसुद्धा गुळगुळीत होते. वनमाला आपल्या संघाचा कोपरा आहे, म्हणून मी तिथे वाकले. काल तू जिला घरी बसवलंस ना, ती तुझी अडचण नव्हती. ते आपले तीस आकडे होते."

हिशेब चुकला नव्हता. प्रणोतीला तो कळलाही. ती गणितातही हुशार होती. पण माणसाला हिशेब पटला म्हणजे त्याचं दुःख मिटतं, असं थोडंच आहे? तिचे डोळे भरून आले आणि त्या पाण्याचाच तिला राग आला.

"असेल तुमची बेरीज बरोबर," ती म्हणाली. "पण मी कुणीच नाही का? मी रोज पहिली येते, बाई. रोज! धापा टाकत रेघ ओलांडते आणि बघते तर तुमची माझ्याकडे पाठ. तुम्ही मैदानापलीकडच्या चढाकडे तोंड करून उभ्या, वनमाला दिसते का म्हणून. वर्षभरात एकदा, एकदा तरी वळून बघितलंत माझ्याकडे?"

पुढे काय झालं ते सांगून टाकते. प्रणोती कालव्यापलीकडच्या वस्तीवर धावत गेली, वनमालेच्या आईसमोर "मी खोटं बोलले" असं म्हणाली, आणि पावणेबाराला दोघी मिळून कॉलेजच्या फाटकातून आत शिरल्या. अर्ज वेळेत गेला. बाईंच्या वहीत त्या दिवसाची नोंद पाच तास पंचेचाळीस मिनिटं अशी आहे. इतका संथ संघ विद्यापीठाने पाहिला नसेल. शर्यतीत वनमाला एकोणसाठावी आली, प्रणोती पुन्हा दुसरीच, आणि संघ चौथा. पदक नाही, काही नाही.

पण हे सगळं नंतरचं. भांडण मिटलं ते त्याआधी, मैदानावरच. प्रणोतीचा प्रश्न ऐकून बाई चढाकडे पाठ करून तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या,

"पोरी, मी तुझ्याकडे पाठ करून उभी राहत होते, कारण जिच्याकडे निर्धास्त पाठ करावी अशी या सहांत तू एकटीच होतीस."