सात मण्यांची जागा

“आणि हे तू पाहिलंस?” उकिडवेबाईंनी विचारलं.

“हो बाई. हे काय, समोरच आहे...”

शार्दूल रणपिसेने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर एक हिरवी, वळ्यावळ्यांची आकृती संथ फिरत होती. घोणस सापाच्या विषातलं ते एक प्रोटीन होतं. घोणस चावली की माणसाचं रक्त बिघडतं, ते ह्याच्यामुळे.

सकाळची एसटी पकडून तो पुण्याहून मेढ्याला आला होता. त्याचे मार्गदर्शक डॉ. झेंडे ह्यांनी पाठवलं होतं. “समितीपुढे जाण्याआधी बाईंना एकदा दाखवून ये,” एवढंच ते म्हणाले होते.

बाई त्यांच्या गुरू. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त, एकट्या राहणाऱ्या. शार्दूलला हा शिष्टाचार वाटला होता. सही घ्यायची आणि दुपारच्या गाडीने परत.

“सापडलं कुठे?”

“जगभरच्या प्रोटीनांच्या रचना एका ठिकाणी ठेवलेल्या असतात बाई. डेटा बँक म्हणतात. कुणालाही खुली. नाव टाकलं, दोन मिनिटांत उतरवून घेतलं.”

“दोन मिनिटांत.”

“हो! आणि हवं तसं बघा. हा नुसता कणा. हा बाहेरचा पृष्ठभाग. आता आतून...”

त्याची बोटं भराभर चालत होती. आकृती फिरली, उलगडली, फुगली, निळी झाली, पुन्हा हिरवी झाली. बाईंनी चष्मा पुसून घातला आणि खुर्ची पुढे ओढली.

“सुंदर आहे रे,” त्या म्हणाल्या.

शार्दूल खुलला.

“आता खरी गंमत बघा. इथे, ह्या टोकाला. हा फास बाहेर आलाय ना? सात मण्यांचा, म्हणजे सात अमिनो आम्लांचा?”

लाल रंगात रंगवलेला तो फास गुळगुळीत होता. एखाद्या दागिन्याच्या कडीसारखा.

“एवढाच तुकडा प्रयोगशाळेत तयार करायचा. घोड्यांना टोचायचा. त्यांच्या रक्तात ह्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होतील. त्या विषाला नेमक्या इथे पकडतील. आजच्यापेक्षा चांगलं औषध होईल, बाई. सोमवारी समितीने हो म्हटलं की सहा घोडे मिळतील.”

बाई त्या लाल फासाकडे बघत राहिल्या.

“हे सात मणी कुणी ओवले?”

“म्हणजे?”

“बाकीची माळ हिरवी. हे लाल.”

“तो... मूळ रचनेत तेवढा भाग नव्हता. मी प्रोग्रामकडून भरून घेतला.”

“का?”

“भोक बरं दिसत नव्हतं.”

“कुणाला?”

शार्दूल हसला. बाई हसल्या नाहीत.

“मूळ उघड.”

त्याने मूळ रचना उघडली. तीच हिरवी वळणं. फक्त त्या टोकाशी धागा तुटला होता, आणि दोन तुटक्या टोकांमध्ये बारीक ठिपक्यांची रेघ होती.

बाई पुढे वाकल्या. इतक्या, की त्यांचा श्वास पडद्यावर उमटला. बराच वेळ त्या ठिपक्यांकडे बघत राहिल्या...

“तिथे काही नाही बाई,” शार्दूल हळूच म्हणाला.

“नाही? की दिसत नाही?”

“...दिसत नाही. तेवढा भाग सारखा हलत असणार. स्फटिकावर क्ष-किरण टाकून रचना काढतात. जे स्थिर तेवढंच उमटतं. हलणारं उमटत नाही.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं.”

त्याने आकृती एकदा फिरवली. मग म्हणाला, “प्रोग्राम सहसा चुकत नाही, बाई.”

“सहसा.”

बाईंनी तो शब्द फक्त परत उच्चारला. शार्दूलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“समितीला हे लाल कसलं ते सांगणार होतास?”

“विचारलं असतं तर.”

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“ज्यांनी ही रचना काढली,” बाईंनी विचारलं, “त्यांनी का नाही भरले हे मणी?”

“तीसेक वर्षांपूर्वीचं काम आहे. साधनं नसतील. नाहीतर...” त्याने खांदे उडवले. “घाई झाली असेल त्यांना.”

बाईंचा चेहरा होता तसाच राहिला.

“कोण होती ती माणसं?”

“नावं असतात वर. मी काही...”

“किती महिने काम करतोयस ह्याच्यावर?”

“आठ.”

“वाच.”

त्याने फाइल उघडून अगदी वर नेली. एक नाव वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्या नावाशी त्याचा आवाज थांबला.

व्ही. उकिडवे.

तो पडद्याकडे बघत राहिला. मान वर करायचा त्याला धीर होईना.

“घाई नव्हती,” बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. “चार वर्षं लागली. शेवटचं दीड वर्ष ह्या सात मण्यांसाठी. स्फटिक वाढवायचे, तपासायचे, टाकून द्यायचे. बाकीचं सगळं हाताला लागलं. हे नाही लागलं. आमच्यातला एकजण म्हणाला, अंदाजाने भरून टाकू, कोण बघतंय.”

“मग?”

“मग ठिपके दिले.”

शार्दूल उठला आणि त्यांच्या पायाशी वाकला. बाईंनी पाय खुर्चीखाली घेतले आणि पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बोट केलं.

“तिकडे कर. मीही तिथेच करते.”

त्याने हात जोडले. एका रिकाम्या जागेला.

मग तो खाली बसला आणि त्याने एकेक करून सातही लाल मणी पुसून टाकले. सोमवारचं चित्र पुन्हा काढायला घेतलं. दुपारची गाडी गेली. बाईंनी पिठलं टाकलं आणि ताट त्याच्या हाताशी आणून ठेवलं. घास हातात धरून तो ठिपके बघत होता.

अचानक म्हणाला, “बाई... हे टोक हलतं म्हणून दिसत नाही. पण कुणी ते धरून ठेवलं तर?”

“कोण धरणार?”

“अँटीबॉडी! आजचं औषध ज्यांच्यापासून करतात, त्या घोड्यांच्या रक्तद्रवात आत्ताच असतील की. संपूर्ण विष टोचलेलं असतं त्यांना. त्यातली नेमकी हे टोक पकडणारी निवडायची. तिच्यासकट स्फटिक करायचा. तिने घट्ट धरलं तर हे हलणारच नाही. मग दिसेल...”

बाईंच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

“हे मला सुचलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, लहान मुलीसारख्या आनंदाने, “दीड वर्षात एकदाही सुचलं नव्हतं!”

सोमवारी शार्दूल ठिपक्यांची रेघ घेऊन समितीपुढे उभा राहिला. एका सदस्यांनी विचारलं, तिथे काय आहे? तो म्हणाला, ठाऊक नाही. दुसरे हसले. मग आठ महिने केलंत काय? तो म्हणाला, आठ महिने मी ते झाकत होतो. आता शोधायचं आहे.

खोलीत कुणी हसलं नाही.

रविवारी तो पुन्हा मेढ्याला आला. दारातूनच म्हणाला, “घोडे नाही मिळाले, बाई. एक वर्ष मिळालं. स्फटिक वाढवायला.”

बाईंनी मान डोलावली. त्यांना ते पुरेसं वाटलं असावं.

तो पायरीवर टेकला. आठवडाभर मनात घोळत असलेलं शेवटी ओठांवर आलं.

“एक विचारू? तुम्ही भरले असते तर कुणाला कळलं नसतं. तुमचं काम पूर्ण म्हणून नावाजलं गेलं असतं. एवढी वर्षं जगाला दिसेल अशी ती जागा तुम्ही रिकामी ठेवलीत... वाईट नाही वाटलं?”

बाई त्याच्याकडे बघून हसल्या.

“पाहुणा यायचा असला, की पाट रिकामाच ठेवतात.”