दादासाहेबांचा कान

मिरजेच्या सॅमसन भोऱ्यांचं आयुष्य ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत बेस गिटार वाजवण्यात गेलं. बेस म्हणजे गाण्याचा खर्ज, सगळ्यांत खालचा सूर. टाळ्या गायकाला, शिट्ट्या ढोलकीला. खर्जाला कोण विचारतो? कार्यक्रम संपला की आपली जुनी, स्वस्तातली गिटार खांद्याला अडकवून सॅमसन एकटेच घरी जात.

एके दिवशी ऑर्केस्ट्राचे मालक दादासाहेब खराडे विलायती बेस गिटार घेऊन आले. म्हणाले, "भोरे, तुमचं ते लाकूड चुलीत घाला. उद्यापासून ही गिटार माझा भाचा वाजवेल."

"घालतो की," सॅमसन म्हणाले. "पण आधी तुमच्याच कानानं निवाडा होऊ द्या. पाठ फिरवून बसा. सगळ्या ऑर्केस्ट्राबरोबर एकच गाणं दोनदा वाजवतो. तुमची गिटार कुठली, ते सांगा."

ऑर्केस्ट्रानं गाणं दोनदा वाजवलं. दुसऱ्या वेळी तर दादासाहेब डोलायलाच लागले.

"पहिली तुमची, निव्वळ पत्र्याचा डबा! आणि ही माझी. काय घुमतेय!"

ते वळून बघतात तर दोन्ही गिटारी खुर्चीवर आडव्या, आणि सॅमसन हाताची घडी घालून उभे.

"पत्र्याचा डबा तुमचाच होता, दादासाहेब. दुसऱ्यांदा मी काहीच वाजवलं नाही. तुम्हाला खर्च ऐकू येतो, खर्ज नाही!"

सगळा ऑर्केस्ट्रा मागे वळून खो खो हसला. भाच्याचं नाव पुन्हा निघालं नाही.

सॅमसनही हसले. मग जुनी गिटार खांद्याला अडकवताना त्यांच्या लक्षात आलं. खर्जाशिवाय अख्खं गाणं वाजलं होतं, आणि तेव्हा मात्र कुणीच मागे वळून पाहिलं नव्हतं.