कमळतळ्यापाशी न थांबलेला हत्ती

पूर्वी विशाखवती नगरीत जितसेन राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याच्या हत्तीखान्यात मंगलहत्ती होऊन जन्मला होता. त्याचे नाव शुभदंत. एका लढाईत त्याच्या खांद्यात बाण रुतला. पुढे जखम भरली, वर केसही उगवले. दुखणे मात्र आत राहिले. काही दिवस तो सहज चाले, काही दिवस त्याला पुढचा पाय उचलवत नसे. राजवैद्याने खांदा चाचपला आणि म्हटले, "जखमच नाही, तर दुखेल काय?" एवढे बोलून तो जेवायला गेला.

माहूत पिंगल याचा हत्तीवर फार जीव. पण माहुतांची एक जुनी समजूत आहे, की कान हलवणारा हत्ती ठणठणीत. शुभदंताचे कान डुलताना दिसले की पिंगल खूश होऊन त्याला दुप्पट चालवी, आणि मग कित्येक दिवस हत्ती जागचा हलत नसे.

"काल तर चांगला चाललास की रे!" पिंगल चिडे. "आज ही नाटकं कसली?"

शरदातली मिरवणूक जवळ आली. राजाचा हुकूम आला, की मंगलहत्ती नदीघाटापर्यंत चालला नाही तर त्याला रानात सोडावे. पिंगलाच्या तोंडचे पाणी पळाले.

तेव्हा बोधिसत्त्व म्हणाला, "मित्रा, हे दुखणे जाणार नाही. त्याला सांभाळूनच चालायला हवे. बऱ्या दिवशी मला आवर, वाईट दिवशी थोडे तरी चालव. आणि मिरवणुकीत वाटेवरच्या कमळतळ्यात मला घटकाभर उभे राहू दे. मग मी घाट गाठीन."

पिंगलाने त्याच्या सोंडेवर हात ठेवून वचन दिले. दोघे रोज तसेच चालू लागले, आणि शुभदंताची चाल हळूहळू सुधारली.

मिरवणुकीच्या सकाळी त्याचे कान छान डुलत होते. लोक फुले उधळत होते, पोरे पायांशी पळत होती. कमळतळे आले तसा बोधिसत्त्व थांबू लागला. सारे नगर आपल्याकडे पाहत आहे, असे पिंगलाला वाटले.

"अरे, आज तर तू बरा आहेस. चल!" म्हणत त्याने अंकुश टोचला, तोही त्याच खांद्यावर.

बोधिसत्त्वाच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एक हिसडा पुरे होता; पिंगल खाली आला असता आणि टोचणी थांबली असती. पण पायांशी पोरे होती, आणि वर आपला माणूस होता. तो घाटापर्यंत चालला. त्यानंतर मात्र तो कधीच धड चालला नाही, आणि अखेर त्याला रानात सोडण्यात आले.

पिंगल रोज रानात जाई. "मी तळ्यापाशी थांबलो असतो तर?" असे विचारून रडे.

"तर बरे झाले असते," बोधिसत्त्व म्हणे. "पण तुझ्यावरचा राग मी बरोबर आणलेला नाही. दुखणे एकटेच पुरेसे जड आहे."

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तो हत्ती मी होतो. आणि आज सकाळी पाठदुखीने अडलेल्या वृद्ध भिक्षू सुदंताला 'काल तर आलात की भिक्षेला' असे म्हणणारा भिक्षू नंदीसेन, तो त्या वेळी पिंगल होता. वेदना सोसतानाही मनात वैर न धरणे, याचेच नाव क्षांती."

नंदीसेनाची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी सुदंत भिक्षेला निघाला, चांगला चालतही होता. तरी अर्ध्या वाटेवरच्या वडाखाली नंदीसेन आपणहून थांबला.

"बसा, भंते," तो म्हणाला. "मला घाई नाही."