मेघूचे गाणे

एका राज्यात एके सकाळी नदी वाहता वाहता थांबली. पाणी काचेसारखे घट्ट झाले. घागर बुडेना, मासा हलेना. राजा अरिमर्दनाने कालकेतू मांत्रिकाला बोलावले. मांत्रिकाने नदीला कान लावला आणि सांगितले, की कालच्या मेजवानीत पेले भरताना जे गाणे वाजले, ते याच नदीतल्या एका मृत्यूचे आहे. नदीने ते ओळखले. ज्या बाईने ते रचले, तिने त्याच्या तीनही ओळी काठावर म्हटल्या, तरच शाप सुटेल.

ती बाई म्हणजे विशाखा. बारा वर्षांपूर्वी भर पुरात राजाचे शिकारी कुत्रे पलीकडे पोचवायची आज्ञा झाली, आणि तिचा नावाडी भाऊ मेघू नावेसकट बुडाला. ती तीन ओळी रडली. चाल इतकी गोड निघाली, की व्यापाऱ्यांनी ती देशोदेशी नेली. गाणे परक्यांच्या ओठी बसत गेले, तसे तिच्या ओठांवरून उतरत गेले. भावाचा चेहरा आठवे. ओळी आठवत नसत.

दारातल्या साळुंकीने तिला वाट सांगितली. "तीन देशांत तीन ओळी आहेत. गाणाऱ्याने आपखुशीने दिली, तरच मिळेल. दिली, की त्या देशातून गाणे कायमचे जाईल."

विशाखा निघाली.

पहिल्या देशात ते गाणे वरातीत गात. 'आला पूर, मेघू, आला पूर.' मेघू कोण, असे तिने विचारले. नवरदेव, असे उत्तर मिळाले. नवरीच्या मावशीने तिची हकिकत अर्धवट ऐकली आणि हसत ओळ देऊन टाकली. आमच्याकडे वरातीची गाणी पुष्कळ आहेत, म्हणाली. नकारापेक्षा ते हसणे विशाखाला जास्त लागले.

दुसऱ्या देशात सैनिक ते गात कूच करत. 'राजाने बोट दाखवले, मेघू, तू निघालास.' त्यांचा मेघू शूर सेनापती होता. एका म्हाताऱ्या शिपायाने तिचे सगळे ऐकून घेतले, मग ओळ दिली. आता मरायला जाताना आम्ही काय म्हणावे, एवढेच त्याने विचारले.

तिसऱ्या देशात एक आई तापल्या लेकराला मांडीवर घेऊन गात होती. 'भात निवला, मेघू, आता ये.' मेघू म्हणजे तिचे बाळ. त्या गाण्याशिवाय ते झोपत नसे.

आईने विचारले, "ओळ दिली तर तुझा भाऊ परत येईल?"

"नाही."

"मग कशाला मागतेस?"

"आमच्या गावात प्यायला पाणी नाही, बाई."

आईने लेकराकडे पाहिले आणि ओळ दिली. वेशीपर्यंत विशाखाला त्याचे रडणे ऐकू येत होते. तिने मागे वळून पाहिले नाही.

नदीकाठी सारे राज्य जमले. राजाच्या कुत्र्यांपायी मेघू कसा बुडाला ते विशाखाने सांगितले आणि तीनही ओळी म्हटल्या. काच तडकली, पाणी वाहू लागले, मासे हलले. लोक घागरी घेऊन धावले. राजा मात्र विचारात पडला होता. त्याने तिला जवळ बोलावले.

"कोणते कुत्रे?" तो म्हणाला. "मला आठवत नाही."

विशाखाने त्या कुत्र्यांची नावे सांगितली. तिला ती पाठ होती. राजाने मान हलवली आणि तो पालखीत बसला.

आठवड्याने दरबारी कवींनी नदीचे नवे गाणे रचले, ठेक्याचे, आनंदाचे. दवंडी पिटली, पोराथोरांना ते पाठ झाले. राज्यात सर्व सुरळीत झाले. महिन्याभराने विशाखा घाटावर धुणे धूत होती. शेजारीण म्हणाली, तुझा आवाज अजून छान आहे हो. तेव्हा विशाखाला कळले, की आपण ते नवे गाणे गुणगुणत आहोत.